इन्व्हर्टरची अंतर्रचना आणि वीजखंडाचा इतिहास : परभणी जिल्ह्याच्या संदर्भात

विजेचा इतिहास सामान्यतः निर्मितीकेंद्रे, धरणे, मनोरे आणि वाहिन्या ह्यांच्या आधारे लिहिला जातो. कोणते केंद्र केव्हा सुरू झाले, वीज कोठवर पोहोचली, मागणी कशी वाढत गेली, ह्या प्रश्नांची उत्तरे त्यातून मिळतात. परंतु पोहोचलेली वीज जेव्हा थांबते तेव्हा त्या खंडालाही एक इतिहास असतो, आणि त्याची नोंद पुरवठा करणाऱ्याच्या दप्तराप्रमाणेच वीज वापरणाऱ्याच्या घरातही सापडते. परभणी जिल्ह्यातील घरांत, दवाखान्यांत आणि दुकानांत जिन्याखाली किंवा एखाद्या कोपऱ्यात ठेवलेली लोखंडी पेटी व तिच्या शेजारची जड बॅटरी हे त्या इतिहासाचे एक साधन होय. व्यवहारात तिला ‘इन्व्हर्टर’ म्हणतात. ज्या यंत्रकुळात ती मोडते त्याचे नाव ‘यू.पी.एस.’, म्हणजे अखंडित वीजपुरवठा करणारे यंत्र, असे आहे.

ह्या यंत्राच्या अंतर्रचनेचे परीक्षण केले असता दोन गोष्टी ध्यानात येतात. एक, त्यातील प्रत्येक भाग विजेच्या इतिहासातील एखाद्या विशिष्ट पेचाचे उत्तर म्हणून उत्पन्न झालेला आहे. दुसरी, पुरवठा अखंड ठेवण्याची जबाबदारी पुरवठादाराकडून ग्राहकाच्या घरात कशी सरकली आणि ती कोणाला पेलली, कोणाला पेलली नाही, ह्याचा उलगडा ह्या यंत्राच्या सामर्थ्यावरून व मर्यादांवरून होतो. प्रस्तुत लेखात ह्या दोन्ही गोष्टींचा क्रमाने विचार करावयाचा आहे.

१. अखंडतेची जुनी कल्पना

उजेड खंडित होऊ नये ही अपेक्षा विजेबरोबर जन्मास आलेली नाही. दख्खनच्या मध्ययुगीन दानलेखांत देवापुढील नंदादीपासाठी तेलाची तरतूद केल्याचे उल्लेख आढळतात. कोठे तेलाच्या घाण्यामागे ठराविक माप, तर कोठे जमिनीचे उत्पन्न त्या कामी लावून दिलेले असते. ह्या व्यवस्थेचे विश्लेषण केल्यास तिची तीन अंगे दिसतात : तेलाचा साठा, दिवा मालवू न देणारा रखवालदार, आणि तो साठा पुन्हा पुन्हा भरला जाईल अशी सार्वजनिक हमी. ह्यांपैकी पहिली दोन अंगे यंत्रात घालता येतात. तिसऱ्याची गोष्ट निराळी आहे. इन्व्हर्टरचा विचार करताना ही विभागणी लक्षात ठेवणे उपयुक्त ठरेल.

२. साठा : बॅटरी

पेटीपेक्षा बॅटरीचा वंश जुना आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ गॅस्तों प्लांते ह्याने १८५९ मध्ये शिसे व सौम्य गंधकाम्ल ह्यांचा पुन्हा पुन्हा भरता येणारा विद्युत् घट सिद्ध केला. १८८१ मध्ये कामिय फोर ह्याने शिशाच्या पट्ट्यांवर शिशाच्या ऑक्साइडाचा लेप देण्याची युक्ती काढली आणि हा घट कारखान्यात तयार करण्याजोगा झाला. आजच्या इन्व्हर्टरच्या शिसे-आम्ल बॅटरीतही मूलतः तीच रसायनक्रिया चालते. भरलेल्या स्थितीत धन पट्टीवर शिशाचा डायऑक्साइड व ऋण पट्टीवर सच्छिद्र शिसे असते. वीज देताना दोहोंचे शिशाच्या सल्फेटात रूपांतर होते आणि आम्ल पातळ होत जाते. बॅटरी दुरुस्त करणारा कारागीर काचेच्या नळीत आम्ल ओढून त्याची घनता पाहतो, तेव्हा तो ह्याच रूपांतराचे माप घेत असतो. एका घटाचा दाब सुमारे २ व्होल्ट असतो. असे सहा घट एका पेटीत जोडले की १२ व्होल्टची बॅटरी होते.

मोटारगाडीच्या बॅटरीला क्षणभर फार मोठा प्रवाह द्यावा लागतो, म्हणून तिच्या पट्ट्या पातळ व पुष्कळ असतात. घरातील दिवे-पंखे चालविण्यासाठी मात्र मंद प्रवाह कित्येक तास हवा असतो. ह्यासाठी धन पट्टीचे द्रव्य नळ्यांत भरून ठेवलेली, बाजारात ‘ट्यूब्युलर’ म्हणून ओळखली जाणारी बॅटरी अधिक टिकते. तथापि तिचाही उष्णतेपुढे इलाज चालत नाही. शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य २५ अंश सेल्सिअस तापमान गृहीत धरून सांगितले जाते, आणि त्यापुढे साधारण दर दहा अंशांमागे ते निम्मे होते असा तंत्रज्ञांचा ठोकताळा आहे. परभणीच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. वीज जाण्याचे प्रमाण आणि बॅटरीतील पाणी आटण्याचे प्रमाण, ही दोन्ही एकाच ऋतूत वाढतात. बॅटरीत शुद्ध पाणी घालीत राहण्याचे काम घरातील कोणा एकाकडे असते. नंदादीपाचा रखवालदार ह्या रूपाने अद्याप शिल्लक आहे.

३. उलट आणि सुलट : रेक्टिफायर व इन्व्हर्टर

विजेच्या आरंभकाळी पुरवठा अखंड ठेवणे रचनेच्या दृष्टीने सोपे होते. एडिसनने १८८२ मध्ये न्यूयॉर्क येथे सुरू केलेले केंद्र एकदिश प्रवाहाचे, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचे होते. बॅटरीही तशीच वीज घेते आणि देते. म्हणून एकदिश प्रवाहाच्या केंद्रांत बॅटऱ्यांची रांग थेट वाहिनीला जोडता येत असे. मध्ये रूपांतर करणारे कोणतेही यंत्र लागत नसे. ही साधी रचना काही ठिकाणी पुढेही टिकून राहिली. टेलिफोन केंद्र ४८ व्होल्टच्या बॅटरीवर चालते, आणि त्यामुळेच गावातील दिवे गेले तरी तारेचा टेलिफोन बोलत राहत असे. रेल्वेच्या डब्याखाली आसाच्या गतीवर फिरणारा डायनॅमो बॅटरी भरीत असे व गाडी स्थानकात थांबली की तीच बॅटरी डब्यात उजेड ठेवी. मनमाड-सिकंदराबाद मार्गावरील परभणीसारख्या स्थानकात रात्री उभ्या असलेल्या गाडीच्या खिडक्यांतून दिसणारा उजेड अशा साठ्यातलाच असे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात प्रत्यावर्ती प्रवाहाचा, म्हणजे दिशा सतत पालटणाऱ्या विजेचा जय झाला. तिचा दाब रोहित्राने सहज चढवता-उतरवता येतो, त्यामुळे ती दूरवर नेणे परवडते. परंतु ह्या विजयामुळे बॅटरी आपल्याच घरात परकी झाली. वाहिनीतील वीज तिच्यात भरण्यासाठी एका यंत्राची आणि तिच्यातील वीज दिव्याला देण्यासाठी दुसऱ्या यंत्राची गरज उत्पन्न झाली. यू.पी.एस.ची बरीचशी गुंतागुंत ह्या एका ऐतिहासिक निर्णयातून आलेली आहे.

भरण्याचे काम करणारा भाग म्हणजे रेक्टिफायर, अर्थात एकदिशकारक. पीटर कूपर ह्युइट ह्याने १९०२ मध्ये पाऱ्याच्या बाष्पाचा रेक्टिफायर तयार केला. पुढे त्याची जागा सिलिकॉनच्या डायोडने घेतली. देण्याचे काम अधिक अवघड होते. प्रथम एका मोटारीने दुसरे जनित्र फिरवून ते साधले जाई. १९२५ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील डेव्हिड प्रिन्स ह्याने रेक्टिफायरचीच क्रिया उलट चालवून एकदिश विजेपासून प्रत्यावर्ती वीज मिळविण्याच्या रीतीवर लेख लिहिला आणि त्याला ‘इन्व्हर्टर’ हे शीर्षक दिले. ‘उलटविणारा’ हे नाव त्या उलट चालविलेल्या रेक्टिफायरवरून आले. १९३४ मध्ये जॉन हॅन्ले ह्याला अमेरिकेत मिळालेल्या पेटंटाच्या शीर्षकात ‘न चुकणारा व अखंडित’ विद्युत्पुरवठा अशा अर्थाचे शब्द होते. म्हणजे यंत्राचे उद्दिष्ट शब्दांत मांडले गेले होते. ते घरगुती आकारात व किमतीत आणणारे साधन मात्र अद्याप यावयाचे होते. १९४७ मधील ट्रान्झिस्टर, १९५७ मधील थायरिस्टर आणि त्यानंतरचा मॉसफेट ह्यांनी ते पुरविले.

परभणीच्या एखाद्या दुरुस्तीच्या दुकानात जुनी घरगुती पेटी उघडली तर ही सगळी परंपरा हातभर जागेत दिसते. मध्यभागी जड रोहित्र असते. प्रचलित असलेल्या एका साध्या रचनेत रोहित्राच्या कमी दाबाच्या गुंडाळीचा मध्यबिंदू बॅटरीच्या धन टोकाला जोडलेला असतो आणि दोन्ही टोकांवर मॉसफेटांचे दोन गट असतात. एक गट चालू असताना प्रवाह गुंडाळीच्या एका अर्ध्यातून जातो, दुसरा चालू असताना दुसऱ्या अर्ध्यातून. सेकंदाला पन्नास वेळा ही आलटापालट झाली की पलीकडच्या गुंडाळीत ५० हर्ट्झ वारंवारतेची व सुमारे २३० व्होल्ट दाबाची वीज उत्पन्न होते. वाहिनीची वीज परत आली की तेच रोहित्र उलट दिशेने काम करते. दाब उतरतो, तेच मॉसफेट रेक्टिफायरचे काम करतात आणि बॅटरी भरू लागते. प्रिन्सच्या शब्दातील उलटसुलटपणा एका पेटीत अक्षरशः उतरला आहे.

अशा पेटीतून निघणारी वीज चौकोनी लहरीची असते. निर्मितीकेंद्राची वीज गोलाईने चढते-उतरते. पेटीची एकदम चढते व एकदम उतरते. दिव्याला त्याचे फारसे काही वाटत नाही, पंखा मात्र घोंघावतो व अधिक तापतो. लहरीचे अनेक बारीक स्पंदांत तुकडे करून गोलाई साधण्याची पद्धत १९६४ मध्ये शोनुंग व श्टेमलर ह्यांनी मांडली होती. ‘साइन वेव्ह’ नावाने विकल्या जाणाऱ्या पेट्यांत तिचेच तत्त्व वापरलेले असते.

४. रखवालदार : बदल करणारी कळ

साठा व रूपांतर ह्यांच्याइतकाच महत्त्वाचा तिसरा भाग म्हणजे वीज गेल्याचे ओळखून भार बॅटरीकडे वळविणारी कळ. ५० हर्ट्झच्या विजेचे एक आवर्तन २० सहस्रांश सेकंदात पुरे होते. ह्या मापाने पाहता ह्या कुळातील यंत्रांच्या तीन जाती होतात.

पहिल्या जातीत वाहिनीची वीज सरळ दिव्यांकडे जाते आणि ती गेली की रिले पडून इन्व्हर्टर सुरू होतो. घरगुती इन्व्हर्टर ह्या जातीचा. मध्ये एखाददुसऱ्या आवर्तनाचा खंड पडतो. डोळ्याला तो दिव्याच्या लुकलुकण्याइतका जाणवतो, पण संगणक तेवढ्याने बंद पडू शकतो. दुसऱ्या जातीत ह्याखेरीज दाब कमी-अधिक झाल्यास बॅटरी न वापरता रोहित्राची जोडणी बदलून तो सावरला जातो. लांब वाहिनीच्या शेवटच्या टोकाला, जेथे वीज असूनही ट्यूबलाइट लागत नाही, तेथे ह्या सोयीचे महत्त्व कळते. तिसऱ्या जातीत वाहिनीची वीज कधीच थेट वापरली जात नाही. ती सतत एकदिश होऊन बॅटरीशी जोडलेली राहते आणि तेथून सतत पुन्हा प्रत्यावर्ती होऊन बाहेर पडते. त्यामुळे वीज गेल्याचा क्षण यंत्राच्या बाहेरील बाजूस पोहोचतच नाही. बँका व रुग्णालये ह्यांना लागणारे यंत्र बहुधा ह्या जातीचे असते.

ह्या तीन रचना म्हणजे सार्वजनिक पुरवठ्याविषयीच्या तीन वृत्ती आहेत, असे म्हणावयास हरकत नाही. पहिलीत विश्वास आहे, दुसरीत संशय आहे आणि तिसरीत पूर्ण अविश्वास आहे. रचना जितकी अविश्वासाची तितकी ती महाग असते.

५. परभणी जिल्ह्यातील वीजखंड

परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. त्याच वर्षी जूनमध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना झाली. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर १९६८ मध्ये पुऱ्या झालेल्या येलदरी धरणाच्या पायथ्याशी साडेसात मेगावॅटचे तीन संच बसविण्यात आले. शेजारच्या बीड जिल्ह्यात परळी वैजनाथ येथे १९७१ मध्ये औष्णिक केंद्राचा ३० मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला. ही दोन्ही केंद्रे पावसावर अवलंबून होती. येलदरीचे अवलंबन उघडच आहे. परळीचे कोळशामुळे झाकले गेले होते. ते फेब्रुवारी २०१३ मध्ये, दुष्काळात पाणी न उरल्याने तेथील निर्मिती थांबवावी लागली, तेव्हा प्रकट झाले.

राज्यव्यापी तुटवड्याची कारणे मात्र ह्याहून विस्तृत आहेत. दाभोळ प्रकल्प १९९९ मध्ये सुरू होऊन २००१ मध्ये बंद पडला, आणि मागणीच्या मानाने नवी निर्मिती झाली नाही. २००५ मध्ये विद्युत मंडळाचे विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे आले, ते तुटवडा तीव्र झालेल्या काळातच. उपलब्ध वीज कशी वाटावी ह्यासाठी वाहिन्यांचे गट पाडण्यात आले. गळती व वसुली ह्यांवर गट ठरे आणि गटावर वीज बंद राहण्याचे तास ठरत. पुणे शहरात २००६ पासून उद्योगांच्या स्वतःच्या जनित्रांची वीज उपयोगात आणून व त्यासाठी ग्राहकांकडून जादा आकार घेऊन भारनियमन टाळण्यात आले. मराठवाड्यातील अनेक वाहिन्या, परभणी जिल्ह्यातीलही, अधिक गळतीच्या गटांत पडल्या. २०१२ च्या सुमारास कमी गळतीच्या गटांचे भारनियमन थांबले तरी ह्या गटांचे राहिले.

ह्या पद्धतीला आर्थिक तर्क होता हे नाकारता येत नाही. बिल न भरलेली वीज अखेर कोणीतरी भरतोच. परंतु तिचा एक परिणाम असा झाला की वाहिनीवरील प्रत्येकाचा खंड त्याच्या शेजाऱ्याच्या वर्तनावर ठरू लागला. नियमित बिल भरणारा आणि आकडा टाकणारा एकाच अंधारात बसले. ह्या अंधारातून वैयक्तिकरीत्या बाहेर पडण्याचा जो मार्ग बाजारात उपलब्ध होता, तो इन्व्हर्टर होय.

हा मार्ग कोठवर जातो हे अंकगणिताने पाहता येते. १२ व्होल्ट व १५० अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत नाममात्र १.८ युनिट वीज मावते. रूपांतरातील घट व बॅटरी पुरती न उतरविण्याचे पथ्य जमेस धरले तर दोन पंखे व दोन ट्यूबलाइट, म्हणजे सुमारे २५० वॅटचा भार, ती चार-साडेचार तास चालवील. हीच बॅटरी शेतातील पाच अश्वशक्तीच्या मोटारीला जोडल्याची कल्पना करावी. ती मोटार सुमारे साडेचार किलोवॅट घेते. हिशेबाने पाणी वीस मिनिटेही चालत नाही. प्रत्यक्षात, मोटार सुरू होताना लागणारा कित्येक पट प्रवाह पेटीला पेलतच नाही. म्हणजे ह्या यंत्राने घराचा खंड बुजविता येतो, शेताचा बुजविता येत नाही. कृषिपंपांना तीन-फेज वीज पाळीपाळीने दिवसा आठ किंवा रात्री दहा तास देण्याची पद्धत राज्यात होती. घरी इन्व्हर्टरवर पंखा चालू आहे आणि घरचा कर्ता पुरुष विंचूकाट्याच्या अंधारात बॅटरी घेऊन दारे धरावयास गेला आहे, हे दृश्य त्या अंकगणिताचे सामाजिक रूप होय.

आणखी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. बॅटरी भरताना, साठविताना आणि परत उलटविताना प्रत्येक टप्प्यावर वीज उष्णतेच्या रूपाने जाते. घरगुती इन्व्हर्टरमध्ये आत गेलेल्या विजेपैकी बाहेर येणारी निम्म्याच्या आसपास भरते. शिवाय खंड संपल्याबरोबर त्या वाहिनीवरील सर्व पेट्या एकाच वेळी भरावयास लागतात. एका घरापुरता तुटवडा दूर करणारे यंत्र सर्व घरे मिळून पाहता तुटवड्यात भर घालते. ह्याचा दोष घेणाऱ्याला देता येत नाही. ज्याच्या घरी आजारी माणूस वा परीक्षेचा विद्यार्थी आहे त्याने गटाच्या क्रमवारीची वाट पाहावी, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

६. शब्दांची साक्ष

ह्या इतिहासाची खूण भाषेतही उमटली आहे. ‘लाइट गेली’, ‘लाइट आली’ ह्या बोलीतील प्रयोगांत वीज स्वतःच कर्त्री आहे. पाऊस येतो-जातो तशी ती येते आणि जाते. घालविणारा कोणी आहे ह्याचा त्या वाक्यात मागमूस नाही. ‘भारनियमन’ ह्या अधिकृत शब्दाची तऱ्हा निराळी आहे. त्यात नियमन आहे, म्हणजे नियमन करणारा अध्याहृत आहे. परंतु ज्याचे नियमन होते तो ‘भार’ आहे. कमी पडलेल्या विजेचा उल्लेख नाही. वीज वापरणारा माणूस त्या समासात यंत्रणेवरील ओझे म्हणून उभा राहतो. इंग्रजी ‘लोडशेडिंग’मध्ये निदान ओझे टाकून दिल्याची कबुली होती, मराठी प्रतिशब्दाने तीही सौम्य केली.

‘इन्व्हर्टर’ हा शब्द ज्या भागाचा, तो पेटीतील अनेक भागांपैकी एक आहे. पण लोकांनी अंशाचे नाव अंशीला दिले. कार्यालये व बँका ह्यांत ‘यू.पी.एस.’ रूढ झाला, घरांत तो नाव म्हणून रुजला नाही. ह्या भेदाला कारण दिसते. ‘यू.पी.एस.’ ह्या नावात अखंडतेचे वचन आहे, आणि घरातील पेटी ते वचन पाळीत नाही. ती खंड पडू देते आणि मग भरून काढते. त्या दृष्टीने लोकव्यवहाराने निवडलेले नाव रचनेला अधिक प्रामाणिक आहे. डी.पी. जळाला असे शेतकरी सांगतो आणि रोहित्र नादुरुस्त असे कार्यालय लिहिते. तेथेही वस्तू एकच आणि तिच्याशी असलेली दोन नाती वेगळी आहेत.

७. समारोप

नंदादीपाच्या व्यवस्थेतील तीन अंगांपैकी साठा व रखवालदार ही दोन इन्व्हर्टरने आत्मसात केली आहेत. तिसरे अंग, साठा पुन्हा भरला जाण्याची सार्वजनिक हमी, त्याच्या पेटीत नाही आणि असू शकत नाही; भारनियमनाचे तास वाढले की बॅटरी भरण्यापूर्वीच उतरते व पेटी निरुपयोगी होते. अखंडता घरोघर विकत घेता येते, पण ती सार्वजनिक खंडाच्या मर्यादेतच, हा ह्या परीक्षणाचा निष्कर्ष होय.

ह्या कथेला अलीकडे एक नवे वळण लागले आहे. शेतीला दिवसा वीज देण्याच्या हेतूने राज्याने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली, आणि केंद्राच्या २०१९ च्या कुसुम योजनेतून सौर पंप शेतात आले. सौर पट्टिका एकदिश वीज देते. म्हणून प्रत्यावर्ती मोटारीच्या सौर पंपाशी पुन्हा इन्व्हर्टर आहे, परंतु बहुतेक ठिकाणी बॅटरी नाही. ऊन असेल तेव्हा पाणी उपसावे आणि साठा विजेऐवजी पाण्याचा करावा, अशी ती योजना आहे. जे यंत्र घरापुरते राहिले होते त्याचा एक भाग, साठा मागे ठेवून, शेतापर्यंत पोहोचला आहे.

इतिहासाच्या अभ्यासकांनी ह्या विषयाकडे वळताना उपकेंद्रांच्या नोंदवह्यांबरोबर दुरुस्तीच्या दुकानांतील मोडक्या पेट्याही पाहाव्यात. कोणत्या काळात कोणत्या जातीची पेटी कोणत्या गावात गेली, हे तेथील कारागिरांना माहीत असते. ते लिहून ठेवले गेले तर जिल्ह्याच्या उजेडाचा इतिहास त्याच्या अंधाराच्या बाजूनेही उपलब्ध होईल.